शब्दाला शेजार लागतो

दिवाळीच्या आगेमागे खामगावच्या बाजार समितीच्या आवारात सोयाबीनचे ढीग पडलेले असतात. अडत्याचा माणूस येतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातले मूठभर दाणे काढतो, हातातल्या लहानशा यंत्रात टाकतो आणि आकडा वाचतो. "भाऊ, मॉइश्चर चौदा येऊन राह्यलं."

"काहून? कालच त दिवसभर उन्हात टाकलं होतं!"

पुढची सगळी घासाघीस त्या एका इंग्रजी शब्दाभोवती फिरते. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा एरवी १२ टक्के. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तेव्हा चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. आकडा वर गेला की भाव खाली येतो, त्यामुळे हा शब्द कुणाला पाठ करावा लागला नाही.

आता या शेतकऱ्याला 'मॉइश्चर'बद्दल काय काय ठाऊक आहे ते बघा. मॉइश्चर 'येतं', 'जास्त निघतं', 'उतरतं'. ते दाण्यात असतं, कापसात असतं, मातीत असतं. पावसात भिजलेल्या सदऱ्याला तो 'मॉइश्चर आलं' म्हणणार नाही. सदरा ओला होतो. हवा दमट झाली तरी तो हा शब्द काढत नाही, आणि तिथे त्याचं बरोबरच आहे, कारण हवेच्या बाबतीत इंग्रज सहसा 'ह्युमिडिटी' म्हणतो. म्हणजे शब्द कुठे चालतो, कुठे चालत नाही, त्याच्यासोबत कोणती क्रियापदं येतात, सगळं माहीत. स्पेलिंग तेवढं येत नाही.

त्याच शेतकऱ्याचा मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याच्या वहीत डाव्या बाजूला 'मॉइश्चर', उजव्या बाजूला 'आर्द्रता'. स्पेलिंग बिनचूक. आर्द्रता म्हणजे काय, असं विचारलं तर तो क्षणभर गप्प होतो आणि म्हणतो, "मॉइश्चर."

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते या बापलेकांच्या मधल्या अंतराबद्दल. अर्थ पाठ केल्याने शब्द ओळखीचा होतो, आपला होत नाही. तो आपला होतो वाक्यात, आणि ते वाक्य आपल्या गावातलं असेल तर फार लवकर.

आधी घरातली शिल्लक मोजू. आपल्याला इंग्रजी शब्द येत नाहीत, ही तक्रार करणारा माणूस सकाळपासून मोटार चालू करतो, स्टार्टर बदलतो, ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवतो, स्प्रे पंप पाठीवर घेतो, क्रॉप लोनचा फॉर्म भरतो, आधार लिंक करतो आणि डीपी जळाला म्हणून लाइनमनला शिव्या घालतो. हे सगळे शब्द जमेला धरायचे. शंभर-दोनशे शब्द तर सहज निघतील. पण धरताना एकेक तपासून घ्यायचा, कारण आपल्याकडे राहायला आल्यावर काहींनी स्वभाव बदलला आहे.

'हॉटेल' घ्या. चिखली-मेहकर रस्त्यावर आपण हॉटेलात जातो ते चहा-भज्यांसाठी. इंग्रजाच्या हॉटेलात माणूस मुक्कामाला जातो. 'टेन्शन' आपल्याकडे काळजी. इंग्रजीत मुळात ताण, तारेतला किंवा दोन देशांमधला. म्हणून 'आय ॲम इन टेन्शन' ऐकून परका माणूस बुचकळ्यात पडतो, तिथे 'आय ॲम वरीड' म्हणायचं. आपला पोरगा बारावी 'पास आउट' होतो आणि आपण पेढे वाटतो. इंग्लंडमधल्या माणसाला नुसतं 'ही पास्ड आउट' सांगितलं, तर तो विचारेल, 'शुद्धीवर आला का?' हे शब्द टाकून द्यायचे नाहीत. मराठीत ते मराठी झाले आहेत आणि त्यांचं उत्तम चाललं आहे. फक्त इंग्रजी बोलताना त्यांना त्यांच्या जुन्या अर्थाने हाक मारायची.

उलट काही शब्द आपल्या लक्षात न येता पुढच्या दाराची किल्ली देऊन जातात. माझा आवडता म्हणजे 'सलाईन'. अशक्त माणसाला डॉक्टर सलाईन लावतात, हे पोराटोरांना माहीत असतं. सलाईन म्हणजे काय? मीठपाणी. एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, एवढाच नेहमीच्या बाटलीचा हिशेब. इंग्रजीत 'सेलाइन' म्हणजे खारट, खारं. आता लोणारला चला. 'लोणार इज अ सेलाइन लेक.' नवा शब्द शिकावा लागला नाही, दवाखान्यातून तळ्यावर आणला इतकंच.

तळ्याच्या काठावर आलोच आहोत तर थोडं बसू, कारण शब्द शिकायला बुलडाणा जिल्ह्यात याहून चांगली जागा नाही. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा हा खळगा. सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं तो ज्वालामुखीचा की उल्केचा, यावर वाद चालला आणि १९७० च्या दशकात तो उल्केच्या आघाताचा असल्याचं पक्कं झालं. अशा खळग्याला 'क्रेटर' म्हणतात. ग्रीक लोक पंगतीत द्राक्षाची दारू आणि पाणी एका मोठ्या पसरट भांड्यात मिसळत, त्या भांड्याचं नाव 'क्रातेर'. तळ्याच्या कडेवर उभं राहून खाली बघितलं की भांडं दिसतंच. हा शब्द मी एकदा असा सांगितला, पुन्हा कुणाला विचारावा लागला नाही.

२०२० च्या जून महिन्यात याच तळ्याचं पाणी गुलाबी झालं आणि बघ्यांची रीघ लागली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे 'हॅलोआर्किया' नावाचे सूक्ष्मजीव त्याला कारण निघाले. ग्रीकमध्ये 'हाल्स' म्हणजे मीठ. लॅटिनमध्ये 'साल' म्हणजे मीठ. इंग्रजीत 'सॉल्ट'. तिघी एका आजीच्या नाती. लॅटिन 'साल'च्या पोटी मग 'सॅलड' आलं, म्हणजे मुळात मीठ लावलेला भाजीपाला. 'सॉस' आला, 'सॉसेज' आलं. आपल्याकडेही असंच कुटुंब आहे. लवणापासून लोण, लोणापासून लोणार, आणि लोणचंही तिथलंच. (लोणी मात्र नवनीताचं, त्याचा मिठाशी संबंध नाही. शब्द सारखे दिसले की नातं जुळवण्याची घाई करू नये.)

'सॅलरी'च्या पोटातही तेच मीठ आहे. रोमन शिपायांना पगार मिठात मिळायचा, ही गोष्ट मात्र जपून सांगावी. शब्दाचं नातं खरं आहे, मिठाच्या पोत्यांचा पुरावा कुणी दिलेला नाही. आपल्याला खाल्ल्या मिठाला जागण्याची सवय असल्याने ती गोष्ट लगेच पटते, एवढंच.

तळ्यावरून घाट उतरून खाली या. बुलडाण्याच्या माणसाला घाटावरचा आणि घाटाखालचा हा फरक सांगावा लागत नाही. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव या पट्ट्यातून भुसावळ-नागपूर रेल्वे जाते आणि जलंबला खामगावचा फाटा फुटतो. कापसासाठी टाकलेला हा फाटा १८७० चा. म्हणून जलंब 'जंक्शन'. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला जोडण्याचा धातू आहे. 'जॉइन', 'जॉइंट', व्याकरणातलं 'कंजंक्शन' ही त्याचीच पोरं. त्याचा चुलतभाऊ इंग्रजीत 'योक', म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. आणि आपलं 'जू' आलं संस्कृत 'युग'वरून, जोडणाऱ्या 'युज्' धातूचं. जलंबचं जंक्शन आणि तुमच्या गोठ्यातलं जू फार मागे जाऊन एकाच घरात भेटतात.

खामगावात उतरलात तर 'जिन' दिसेल. कापूस जिनमध्ये जातो, सरकी वेगळी, रुई वेगळी, मग प्रेसमध्ये गाठ बांधतात. जिनचा दारूशी काही संबंध नाही. तो 'एंजिन'चा तुटका तुकडा आहे. एली व्हिटनीने अमेरिकेत १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र केलं, त्याला 'कॉटन एंजिन' म्हणता म्हणता 'कॉटन जिन' झालं. 'द कॉटन इज जिन्ड अँड प्रेस्ड इंटू बेल्स.' जिनवर हमाली करणाऱ्या माणसाला या वाक्यातला 'बेल' तेवढा नवा. बेल म्हणजे गाठ.

इथपर्यंत शब्द अर्थासकट सोपे गेले, कारण ते वस्तूंचे होते. खरी पंचाईत क्रियापदांची होते.

एका मुलीची वही माझ्यासमोर आली होती. अक्षर मोत्यासारखं. 'बॉरो – उसने घेणे' असं लिहून खाली तिने वाक्य केलं होतं: 'आय बॉरोड माय पेन टू हर.' तिला म्हणायचं होतं, मी तिला माझा पेन उसना दिला. चूक तिची नाही. मराठीत 'उसनं' हा शब्द एकच. घेतलं की उसनं घेतलं, दिलं की उसनं दिलं. इंग्रजीत दिशा बदलली की शब्दच बदलतो. घेणारा 'बॉरो' करतो आणि तेही 'फ्रॉम' कुणाकडून. देणारा 'लेंड' करतो, 'टू' कुणाला. अर्थाच्या रकान्यात 'फ्रॉम' आणि 'टू' लिहायला जागाच नव्हती. तिथे अर्थाऐवजी दोन वाक्यं हवी होती. 'शी बॉरोड अ सिकल फ्रॉम हर नेबर.' 'द नेबर लेंट अ सिकल टू हर.' सोंगणीच्या दिवसांत शेजारणीकडून विळा आणलेला प्रत्येकाने पाहिला आहे. चित्र एक, विळा एक, वाक्यं दोन.

आपलं 'लागणे' घ्या आणि मजा बघा. भूक लागली: 'आय ॲम हंग्री.' मुलाला नोकरी लागली: 'माय सन गॉट अ जॉब.' गंजीला आग लागली: 'द हेस्टॅक कॉट फायर.' जायला दोन तास लागतात: 'इट टेक्स टू अवर्स.' ठेच लागली: 'आय स्टब्ड माय टो.' पोरगं रडायला लागलं: 'द चाइल्ड स्टार्टेड क्राइंग.' तो माझा मामा लागतो: 'ही इज माय अंकल', इथे तर 'लागणे' विरघळूनच गेलं. 'लागणे'चा इंग्रजी अर्थ कोणता, या प्रश्नाला उत्तर नाही. भूक, नोकरी, आग, वेळ, ठेच असा जो शेजार असेल, त्यावर ते ठरतं.

इंग्रजीचंही तसंच आहे, एकटे आपणच विचित्र नाही. वर 'कॅच' आलं. त्यांची आग 'कॅच' होते, बस 'कॅच' होते, सर्दीही 'कॅच' होते. आपल्याकडे आग लागते, गाडी मिळते, सर्दी होते. आणि काही ठिकाणी आपण त्यांच्याहून श्रीमंत. सोयाबीन सोंगायचं, कापूस वेचायचा, ऊस तोडायचा, कणीस खुडायचं, भुईमूग उपटायचा. इंग्रजीला बहुतेक ठिकाणी एकटं 'हार्वेस्ट' पुरतं; कापसाला आणि फळांना तेवढं 'पिक' लावतात. पाच शब्दांच्या जागी दोन. इथे शिकणाऱ्याला सूट आहे, ती घ्यावी.

व्याकरणातही वऱ्हाडी माणसाला एक अशी सूट आहे आणि शाळेत ती कुणी सांगत नाही. 'मी बजारात जातो' आणि 'मी बजारात जाऊन राह्यलो' हा फरक वऱ्हाडीत लहान मूलही करतं. पहिलं 'आय गो', दुसरं 'आय ॲम गोइंग'. प्रमाण मराठीत दारातून निघतानाही माणूस 'मी जातो' म्हणतो आणि मग इंग्रजीत 'आय गो नाउ' करून बसतो. 'राह्यलो'ला अशुद्ध म्हणून खोडणाऱ्या लाल पेनाने त्या पोराच्या हातातला तयार चालू वर्तमानकाळ काढून घेतला, असं माझं स्पष्ट मत आहे.

शब्द वाक्यातच समजतो, हे कोशकारांना फार आधी कळलं होतं. सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ चा. त्याने शब्दापुढे अर्थ देऊन हात झटकले नाहीत, मोठमोठ्या लेखकांची हजारो वाक्यं पुराव्याला उभी केली. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, दुसरी आवृत्ती १८५७ ची. तो उघडला की मराठी शब्दाबरोबर त्याचे वाक्प्रयोगही भेटतात. परभाषेतल्या एका लष्करी अधिकाऱ्याने आपल्या म्हणी कान देऊन ऐकल्या होत्या. त्याचा जोडीदार इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थने सुरू केला आणि थॉमस कँडीने १८४७ मध्ये पुरा केला. मराठीत आज आपण स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह वापरतो, त्याचं श्रेयही कँडीला देतात.

मग तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. एक नियम, थोडे शब्द, आणि मग वाक्यं: मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. शिक्षक नसलेल्या गावांत कित्येक पिढ्यांनी हिच्यावर इंग्रजी उभं केलं. माझ्या मते तिने दोन गोष्टी केल्या. वाक्याचा सांगाडा इतका पक्का बसवला, की तिच्यावर वाढलेला माणूस अर्जात चूक करत नसे. आणि इंग्रजी म्हणजे भाषांतर, ही सवयही तिनेच लावली. तो माणूस बोलायला उभा राहिला की आधी मनात मराठी वाक्य जुळवी, मग उलटवी, आणि तोवर समोरचा निघून जाई. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधी पाचवीत 'ए फॉर ॲपल' गिरवलेल्या माझ्यासारख्यांना हा उलटवण्याचा खेळ चांगला ओळखीचा आहे.

शिकणाऱ्यासाठी वेगळा कोश हवा, हे ओळखलं ए. एस. हॉर्नबी या इंग्रजाने, जपानमध्ये शिकवताना. त्याचा कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि जपान-इंग्लंड एकमेकांचे शत्रू होते. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये काढला. आज दुकानात मिळणारी ऑक्सफर्डची जाड लर्नर्स डिक्शनरी ती हीच. कोणत्या क्रियापदापुढे काय येतं, हे तिथे शोधायचं. पुढे १९८७ च्या कोबिल्ड कोशाने तर अर्थच अख्ख्या वाक्यात सांगायला सुरुवात केली. आपल्या भाषेत नमुना द्यायचा तर असा: 'तुम्ही एखाद्याकडून वस्तू बॉरो केली, म्हणजे ती थोडे दिवस वापरून परत देणार आहात.' त्या मुलीच्या वहीत एवढं असतं तर पेनाची गडबड झाली नसती.

किती शब्द पुरतात, असं प्रत्येक जण विचारतो. मायकेल वेस्ट नावाचा शिक्षक ढाक्यात बंगाली मुलांना इंग्रजी शिकवत असे. शब्द फार आणि पोरांकडे वेळ थोडा, या अडचणीतून तो उपयोगी शब्द निवडायच्या मागे लागला. १९५३ मध्ये त्याची यादी प्रसिद्ध झाली, सुमारे २००० मूळ शब्दांची. साध्या इंग्रजी मजकुरातले दहापैकी जवळजवळ आठ शब्द एवढ्यात भागतात. राहिलेले दोन तुमच्या धंद्याप्रमाणे: नर्सिंग करणारीला दवाखान्याचे, जिनवाल्याला कापसाचे. 'रोज पन्नास शब्द' छापाच्या पुस्तकांवर पैसे घालण्याआधी या दोन हजारांची वाक्यं करता येतात का, ते पाहावं.

विसरण्याचं काय? हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये ते मांडलं. निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती काळाने किती उरली ते मोजायचं. बहुतेक गळती पहिल्याच दिवसात होते, पुढे ती मंदावते. म्हणजे आज शिकलेला शब्द उद्या बघायचा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. त्यासाठी सेबास्टियान लाइटनरने १९७२ मध्ये कप्प्यांची पेटी सुचवली. चपलेच्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार कप्पे करा. लग्नपत्रिकांचे पाठकोरे कागद कापून चिठ्ठ्या करा. आपल्याकडे लग्नपत्रिकांना तोटा नाही. चिठ्ठीच्या एका बाजूला पूर्ण वाक्य, शब्दाच्या जागी रेघ. दुसऱ्या बाजूला शब्द. आला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला तर पहिल्या. पहिला कप्पा रोज, चौथा महिन्याने. मराठी अर्थ लिहायचाच असेल तर कोपऱ्यात, बारीक.

आणि वाक्य कुठलं घ्यायचं? पुस्तकातल्या जॉनला लंडनच्या बागेत फिरू द्या. तुमच्या खिशात वजनकाट्याची पावती असेल, तिच्यावर तीन शब्द छापलेले असतात: ग्रॉस, टेअर, नेट. मालासकट गाडीचं वजन ग्रॉस. रिकाम्या गाडीचं टेअर; हा मूळ अरबी शब्द, 'वजा टाकलेलं' अशा अर्थाचा. उरलं ते नेट, आणि पैसे मिळतात ते नेटचे. पावती फेकू नका. तिच्या मागे या तिघांचं एकेक वाक्य लिहा, गाडी तुमची, माल तुमचा, आकडे पावतीवरचे. तीन चिठ्ठ्या तिथेच झाल्या.